स्वतंत्र ॲप-विकसकाची मिळकत : एका अनिर्णित प्रश्नाचा आढावा

१. प्रश्नाची व्याप्ती

मोबाइल फोनवर चालणारे ॲप एकट्याने किंवा दोन-तीन सहकाऱ्यांच्या साथीने तयार करून, बाहेरच्या गुंतवणूकदाराचे भांडवल न घेता, त्या ॲपच्याच उत्पन्नावर चरितार्थ चालवू पाहणाऱ्या व्यक्तीला प्रस्तुत लेखात ‘स्वतंत्र विकसक’ म्हटले आहे. दुसऱ्याच्या मागणीनुसार ॲप बनवून देणारा कंत्राटी व्यावसायिक यापासून वेगळा असतो, कारण ॲप चालो वा न चालो, त्याला ठरलेला मोबदला मिळतो. स्वतंत्र विकसकाला मात्र श्रम आधी करावे लागतात आणि त्यांचे मोल पुढे वापरकर्ते ठरवतात. व्यवहारात या दोन भूमिका पुष्कळदा एकाच माणसात नांदतात. दिवसा कंत्राटी काम करून रात्री स्वतःचे ॲप घडवणाऱ्याची मिळकत नेमकी कोणत्या श्रमाची मानायची, हे ठरवणे त्यामुळे अवघड होते, आणि या विषयावरील बहुतेक आकडेवारी याच संदिग्धतेने ग्रासलेली आहे.

या क्षेत्रातील वाद ढोबळमानाने तीन प्रश्नांभोवती फिरतो : मिळकतीची वाटणी इतकी विषम का आहे, ॲप विकणाऱ्या दुकानाने त्यातून किती हिस्सा घ्यावा, आणि पैसे घेण्याची कोणती पद्धत विकसक व वापरकर्ता या दोघांनाही दीर्घकाळ परवडणारी आहे. या तीन प्रश्नांवरील प्रमुख भूमिका, त्यांची पार्श्वभूमी आणि त्यांतून सुटलेले धागे यांची मांडणी पुढे क्रमाने केली आहे.

२. पार्श्वभूमी

स्मार्टफोनपूर्व काळातही मोबाइलसाठी सॉफ्टवेअर लिहिले जात होते, परंतु ते ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचा मुख्य मार्ग दूरसंचार कंपन्यांच्या हातात होता. भारतात रिंगटोन, कॉलर ट्यून, छोटे खेळ यांना ‘मूल्यवर्धित सेवा’ म्हणत आणि ग्राहकाने दिलेल्या पैशांतील मोठा वाटा दूरसंचार कंपनी स्वतःकडे ठेवत असे. एकट्या विकसकाला अशा कंपनीशी करार करणे जवळपास अशक्य होते.

१० जुलै २००८ रोजी ॲपलने सुमारे ५०० ॲपांसह ॲप स्टोअर सुरू केले आणि ही रचना बदलली. वर्षाला ९९ डॉलर शुल्क भरून कोणालाही तेथे ॲप मांडता येऊ लागले. विक्रीतील ७० टक्के रक्कम विकसकाला आणि ३० टक्के ॲपलला, अशी वाटणी ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलने अँड्रॉइड मार्केट सुरू केले, ज्याचे २०१२ मध्ये ‘गुगल प्ले’ असे नामांतर झाले. तेथे नोंदणीशुल्क एकदाच २५ डॉलर इतके होते. दूरसंचार कंपन्यांच्या तुलनेत ही वाटणी इतकी उदार होती की त्या काळी ३० टक्के कमिशनविषयी फारशी तक्रार झाली नाही. सुरुवातीच्या महिन्यांत ‘ट्रिझम’ या एका व्यक्तीने घडवलेल्या कोडेवजा खेळाने दोन महिन्यांत सुमारे अडीच लाख डॉलर मिळवल्याची वार्ता जगभर पसरली, आणि एकट्या विकसकाच्या सुबत्तेची जी प्रतिमा तेव्हा तयार झाली तिचा प्रभाव आजही ओसरलेला नाही.

पुढील काळात दुकानातील ॲपांची संख्या लाखांत गेली. ५०० ॲपांच्या यादीत नवे ॲप आपोआप नजरेस पडत असे. लाखो ॲपांच्या साठ्यात ते शोधून काढावे लागते, आणि शोधात वरचे स्थान मिळवण्यासाठी जाहिरातीवर खर्च करावा लागतो. ॲप स्टोअरच्या शोधयादीत पैसे घेऊन जागा देण्याची सोय ॲपलने २०१६ मध्ये सुरू केली. बाजारात शिरण्याचा खर्च कमी झाला, तरी ग्राहकाच्या नजरेस पडण्याचा खर्च वाढत गेला, आणि पुढील सर्व वादांच्या मुळाशी हीच घडामोड आहे.

३. पैसे घेण्याच्या पद्धती

पहिली पद्धत थेट विक्रीची. ग्राहक एकदा किंमत मोजतो आणि ॲप घेतो. ॲप स्टोअरमध्ये चढाओढीमुळे ही किंमत अल्पावधीतच ९९ सेंटपर्यंत खाली आली. शिवाय जुन्या ग्राहकाकडून नव्या आवृत्तीसाठी सवलतीचे पैसे घेण्याची जी प्रथा संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये रूढ होती, तिला मोबाइलच्या दुकानांत स्थान मिळाले नाही. परिणामी एकदाच मिळालेल्या पैशांवर वर्षानुवर्षे दुरुस्त्या पुरवण्याचा भार विकसकावर आला.

दुसरी पद्धत जाहिरातींची. ॲप विनामूल्य देऊन त्यात जाहिराती दाखवल्या जातात आणि दर हजार वेळा जाहिरात दिसल्यावर ठरावीक रक्कम मिळते. हा दर देशानुसार बदलतो आणि भारतातील वापरकर्त्यामागे मिळणारी रक्कम अमेरिकेतील वापरकर्त्याच्या तुलनेत बरीच कमी असते. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने वापरकर्त्याच्या परवानगीशिवाय निरनिराळ्या ॲपांमधून त्याचा माग काढण्यास मनाई केली. त्यामुळे खासगीपणाचे रक्षण वाढले, परंतु नेमक्या व्यक्तीला नेमकी जाहिरात दाखवून मिळणारे उत्पन्न अनेक ॲपांच्या बाबतीत घटले.

तिसरी पद्धत ॲपमधील खरेदीची. मूळ ॲप मोफत असते, पण जास्तीच्या सोयींसाठी किंवा खेळातील वस्तूंसाठी पैसे द्यावे लागतात. ऑक्टोबर २००९ पासून ॲपलने मोफत ॲपांनाही ही सोय दिली आणि थेट विक्रीचे महत्त्व तेव्हापासून कमी होत गेले.

चौथी पद्धत वर्गणीची. वापरकर्ता दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरतो. २०१६ मध्ये ॲपलने सर्व प्रकारच्या ॲपांना वर्गणीची मुभा दिली आणि एखादा वर्गणीदार वर्षभर टिकला तर पुढे आपला हिस्सा १५ टक्क्यांवर आणण्याचे मान्य केले. वर्गणीच्या समर्थकांचे म्हणणे असे, की ॲपची देखभाल हे सतत चालणारे काम असल्याने त्याचा मोबदलाही सतत मिळाला पाहिजे. विरोधकांच्या मते, साध्या गणकयंत्रासाठी किंवा टिपणवहीसाठीही दरमहा पैसे मागितले जाऊ लागल्याने वापरकर्ता थकला आहे, आणि मालकीची वस्तू आयुष्यभराच्या भाड्याने घेतल्यासारखे त्याला वाटते.

मराठी वाचकाला हा वाद अपरिचित नसावा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची परंपरा सुरू केल्यापासून मराठी नियतकालिकांचे अर्थकारण वर्गणीदार आणि जाहिरातदार या दोन खांबांवर उभे राहिले आहे, आणि त्यांपैकी कोणावर किती विसंबावे हा संपादकांपुढील प्रश्न आज ॲप-विकसकापुढे नव्या रूपात आला आहे. एकाच ॲपने वेळोवेळी निरनिराळ्या पद्धती आजमावल्याची उदाहरणेही आहेत. मार्को आर्मेंट यांचे ‘ओव्हरकास्ट’ हे पॉडकास्ट ऐकण्याचे ॲप २०१४ मध्ये ॲपमधील एकरकमी खरेदीवर सुरू झाले, २०१५ मध्ये सर्व सोयी खुल्या करून ऐच्छिक आश्रयाकडे वळले आणि २०१६ मध्ये जाहिरातींकडे गेले. सर्वांना लागू पडणारी एक पद्धत अद्याप सापडलेली नाही, असा निष्कर्ष यावरून निघतो.

४. विषम वाटणी : कौशल्य की योगायोग

मिळकत अतिशय विषम आहे याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. व्हिजनमोबाइल या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ॲपमागे महिना ५०० डॉलर ही ‘दारिद्र्यरेषा’ कल्पिली होती आणि आयफोनसाठी काम करणारे निम्मे, तर अँड्रॉइडसाठी काम करणारे ६४ टक्के विकसक त्या रेषेखाली असल्याचे नोंदवले होते. वर्गणीचे व्यवहार सांभाळणाऱ्या रेव्हेन्यूकॅट या कंपनीच्या २०२४ च्या अहवालानुसार वर्गणीवर चालणाऱ्या ॲपांपैकी सुमारे १७ टक्के ॲप महिना एक हजार डॉलरचा टप्पा गाठतात. दोन्ही पाहण्यांची पद्धत भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही; दोहोंतून दिसणारे चित्र मात्र एकाच दिशेचे आहे.

या विषमतेचे स्पष्टीकरण दोन प्रकारे दिले जाते. अर्थशास्त्रज्ञ शेरविन रोझेन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, ज्या व्यवसायात एका कृतीच्या असंख्य प्रती जवळजवळ फुकट काढता येतात, तेथे गुणवत्तेतील लहानशा फरकाचेही मिळकतीत प्रचंड अंतर होते, कारण सर्व ग्राहक सर्वोत्तम प्रतीकडेच वळू शकतात. या मताचे लोक विकसकाला सल्ला देतात तो गुणवत्ता, नेमका ग्राहकवर्ग आणि सातत्य यांचा.

दुसरे स्पष्टीकरण योगायोगाला महत्त्व देते. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा हजारांहून अधिक लोकांना अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी ऐकवली होती. इतरांनी कोणती गाणी उतरवून घेतली हे ज्या गटांना दिसत होते, त्यांत यशाची विषमता वाढली आणि प्रत्येक गटात निराळी गाणी वर आली. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, सुमार गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत, पण मधल्या गाण्यांचे भवितव्य सांगता येण्याजोगे राहिले नाही. ॲपच्या दुकानातील क्रमवारी आणि उतरवून घेतल्याचे जाहीर आकडे याच तऱ्हेने काम करतात, असा युक्तिवाद यावरून केला जातो. हनोई येथील डाँग गुयेन यांचा ‘फ्लॅपी बर्ड’ हा खेळ मे २०१३ मध्ये आला, कित्येक महिने कोणाच्या लक्षात आला नाही, २०१४ च्या आरंभी अकस्मात जगभर पोहोचला आणि त्यातून दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर जाहिरात-उत्पन्न मिळत असल्याचे सांगितले जात असतानाच, फेब्रुवारीत, त्यांनी तो स्वतःहून मागे घेतला.

ही दोन स्पष्टीकरणे परस्परांना छेद देत नाहीत. गुणवत्ता तळापासून वाचवते आणि योगायोग शिखर ठरवतो, असे दोहोंचे मिळून तात्पर्य काढता येते. चर्चेत उणीव राहते ती मधल्या थराची, म्हणजे ज्यांना ना गडगंज मिळाले ना ज्यांनी हात टेकले अशा विकसकांची. बंद पडलेल्या ॲपांचे कर्ते पाहणीत सापडत नाहीत आणि अतियशस्वी कर्त्यांच्या कथा वारंवार सांगितल्या जातात, त्यामुळे या थराचा आकार किती आहे हे धूसरच राहते.

५. दुकानाचा हिस्सा

कमिशनविषयीच्या वादात दुकानांची बाजू अशी, की ते सुरक्षित देयकव्यवस्था, घातक सॉफ्टवेअरची छाननी, प्रत ग्राहकापर्यंत पोहोचवणे, अनेक देशांतील करांचा हिशेब आणि विकसनाची साधने पुरवतात, आणि मोफत ॲपांकडून काहीही न घेता हा खर्च पैसे कमावणाऱ्या ॲपांकडून भागवतात. विकसकांची बाजू अशी, की फोनवर ग्राहकापर्यंत जाण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग नसल्याने हा दर स्पर्धेतून ठरलेला नाही, आणि ‘आमच्या संकेतस्थळावर हेच स्वस्त मिळते’ एवढे सांगण्याचीही बंदी ग्राहकाच्या हिताची नाही.

लहान विकसकांसाठी या वादाचा एक भाग न्यायालयाबाहेरच मिटला. वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी ॲपलने जानेवारी २०२१ पासून दर १५ टक्के केला, आणि गुगलने त्याच वर्षी जुलैपासून पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के दर लागू केला. न्यायालयीन वाद मुख्यतः मोठ्या कंपन्यांनी लढवले. एपिक गेम्सने २०२० मध्ये ॲपलविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी २०२१ मध्ये ग्राहकाला बाहेरच्या देयकमार्गाची माहिती देण्यावरील बंदी उठवली. त्या आदेशाचे पालन झाले नाही असे ठरवून त्यांनी ३० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतील अशा बाह्य व्यवहारांवर कमिशन घेण्यास मनाई केली आणि ॲपलने त्याविरुद्ध अपील केले. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यानुसार बाहेरच्या देयकमार्गाची माहिती ग्राहकाला देऊ देणे बड्या दुकानांना मार्च २०२४ पासून बंधनकारक झाले. दक्षिण कोरियाने २०२१ मध्येच देयकमार्गाच्या सक्तीविरुद्ध कायदा केला होता, परंतु पर्यायी देयकमार्ग निवडल्यावर गुगलचा दर तेथे केवळ चार टक्के बिंदूंनी उतरला. देयकसेवेचा निराळा खर्च धरला, तर विकसकाच्या हाती फारसे उरत नाही.

या वादाचे लहान विकसकाच्या दृष्टीने वजन किती, हे एका काल्पनिक हिशेबाने तपासता येते. कर बाजूला ठेवून, वर्षाला २०० रुपये वर्गणी घेणाऱ्या ॲपमधून महिना ५० हजार रुपये मिळवायचे असतील, तर १५ टक्के कमिशन धरून सुमारे ३,५३० वर्गणीदार लागतात आणि ३० टक्के धरल्यास सुमारे ४,२८६. दर शंभर वापरकर्त्यांपैकी दोघे वर्गणी भरतात असे मानले, तर पहिल्या प्रकारात एक लाख ७६ हजार आणि दुसऱ्यात दोन लाख १४ हजार वापरकर्ते हवेत. परंतु १५ टक्के कमिशन कायम ठेवून दोघांऐवजी तिघांनी वर्गणी भरली, तर हीच गरज एक लाख १८ हजारांवर येते. कमिशनचा दर महत्त्वाचा आहे. तरी वापरकर्ता मिळणे आणि त्याने पैसे देणे या दोन पायऱ्यांवर लहान विकसकाचे गणित अधिक अवलंबून असते.

६. नक्कल आणि दुकानदाराची स्पर्धा

ॲपची कल्पना कायद्याने सहसा संरक्षित नसते; संरक्षण मिळते ते लिहिलेल्या सांकेतिक संहितेला, चित्रांना आणि नावाला. ‘थ्रीज’ हा अंककोड्याचा खेळ सुमारे चौदा महिन्यांच्या श्रमानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये विकत घेण्याजोगा आला, आणि पुढच्याच महिन्यात त्याच कुळातील ‘२०४८’ हा मोफत खेळ आला. तो एका तरुणाने सुटीच्या दोन दिवसांत घडवला होता, आणि त्याची प्रसिद्धी मूळ खेळाहून कितीतरी पुढे गेली. काहींच्या मते अशी मोकळीकच या क्षेत्राला जिवंत ठेवते, तर काहींच्या मते तिच्यामुळे दीर्घ श्रमांचे मोल राहत नाही.

दुसरी भीती दुकानदाराचीच. एखाद्या ॲपने दिलेली सोय पुढे फोनच्या कार्यप्रणालीतच मोफत आली, तर त्या ॲपची मागणी एका रात्रीत ओसरते. वेन वेन आणि फेंग झू यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की गुगल आपल्या क्षेत्रात उतरण्याची शक्यता दिसताच विकसक त्या ॲपांतील नवे काम कमी करून किमती वाढवतात आणि आपला प्रयत्न इतर ॲपांकडे वळवतात. यातून समाजाचे एकूण नुकसान होते की दुहेरी श्रम टळून फायदा होतो, यावर मतैक्य नाही.

नियमपालनाचा खर्च हा तिसरा घटक. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय कायदा २०१८ मध्ये लागू झाल्यावर गुगल प्लेवरील सुमारे एक तृतीयांश ॲप बाहेर पडले आणि नव्या ॲपांचे आगमन निम्म्यावर आले, असे जोएल वाल्डफोगेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सांगतो. गुगलने नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्रकाशनापूर्वी २० परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी घेण्याची अट घातली आणि पुढे ही संख्या १२ केली. फसव्या ॲपांना आळा घालणे हा अशा नियमांचा हेतू सर्वांना मान्य आहे. परंतु विधी-सल्लागार असलेल्या कंपनीला आणि घरून काम करणाऱ्या एकट्या माणसाला त्यांचा भार सारखा जाणवत नाही.

७. भारतीय आणि मराठी संदर्भ

भारतात बहुतांश फोन अँड्रॉइडवर चालतात आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर इंटरनेट स्वस्त झाल्याने वापरकर्त्यांची संख्या झपाट्याने वाढली. पैसे देऊन ॲप घेण्याची सवय मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. याचे एक कारण उत्पन्नाच्या पातळीत आणि दुसरे देयकव्यवस्थेत शोधले जाते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप होणाऱ्या वसुलीवर पूर्वसूचनेचे आणि अतिरिक्त पडताळणीचे नियम लागू केले. ग्राहकाला त्यांचे संरक्षण मिळाले, परंतु कार्डावरील अनेक वर्गण्या खंडित झाल्या. यूपीआयवरील आपोआप वसुलीची सोय त्यावर उपाय ठरू लागली आहे.

स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी गुगल प्लेच्या देयकधोरणाबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला, जो अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून काही भारतीय कंपन्यांची ॲप गुगल प्लेवरून हटवली गेली आणि सरकारच्या हस्तक्षेपानंतर काही दिवसांत परत आली. त्याच्या थोडेच आधी, २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, फोनपेने बारा भारतीय भाषांत चालणारे इंडस ॲपस्टोअर सुरू केले. पहिले वर्ष नोंदणीशुल्क नाही आणि विकसकाने स्वतःचा देयकमार्ग वापरल्यास कमिशन नाही, अशी त्याची घोषणा होती. पर्यायी दुकानाने दर उतरतो हे खरे, पण ग्राहक तेथे जाईल का, हा प्रश्न उरतो.

मराठीपुरते पाहिले, तर यशाची वाट स्थानिक गरजेतून गेलेली दिसते. मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक सांगणारे ‘एम-इंडिकेटर’ हे सचिन टेके यांनी घडवलेले ॲप एका शहराच्या रोजच्या प्रवासाशी जोडले गेले आणि जाहिरातींवर चालले. दर कमी असला तरी एकाच महानगरात दररोज उघडले जाणारे ॲप ती तूट संख्येने भरून काढते. शब्दकोश, पंचांग, शेतीविषयक सल्ला किंवा शालेय अभ्यास यांसाठीच्या मराठी ॲपांना ही सोय नसते, कारण त्यांचा वापर अधूनमधून होतो आणि मराठी मजकुरासोबतच्या जाहिरातींना मिळणारा दर तुटपुंजा असतो. परदेशातील मराठी कुटुंबे मुलांना भाषा शिकवण्यासाठी पैसे मोजू शकतात, आणि म्हणून भाषाशिक्षणाच्या ॲपांसाठी तो लहान पण वेगळा ग्राहकवर्ग ठरतो.

८. कृत्रिम बुद्धिमत्तेचा टप्पा

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर संहिता लिहून देणारी साधने वेगाने पसरली. आशावादी मतानुसार एकटा विकसक आता पूर्वी पाच जणांना लागणारे काम करू शकतो आणि म्हणून लहान ग्राहकवर्गासाठीचे ॲपही परवडू शकते. साशंक मतानुसार हीच साधने सर्वांना मिळाल्याने नकलांचा आणि सुमार ॲपांचा पूर वाढेल आणि नजरेस पडण्याचा खर्च आणखी चढेल. खर्चाची रचनाही बदलते : ॲपमध्ये अशी बुद्धिमत्ता वापरली तर प्रत्येक प्रश्नागणिक विकसकाला पैसे मोजावे लागतात, त्यामुळे एकदाच घेतलेल्या किमतीवर ते चालवणे कठीण होते आणि वर्गणीकडे ओढा वाढतो.

९. अनिर्णित प्रश्न

आढाव्याअंती तीन गोष्टी अनिर्णित राहतात. पहिली, मधल्या थराचे मोजमाप : किती विकसक केवळ ॲपवर साधारण पगाराइतके मिळवतात आणि किती वर्षे टिकतात, हे सांगणारी स्वतंत्र पाहणी भारतात हवी आहे. दुसरी, कायदेशीर विजयांचा लाभ : मोठ्या कंपन्यांनी लढवलेल्या दाव्यांचे फळ लहान विकसकापर्यंत कितपत झिरपते, हे अद्याप स्पष्ट नाही, आणि वर मांडलेला हिशेब त्या लाभाच्या मर्यादा सुचवतो. तिसरी, शोधाची रचना : दुकानातील क्रमवारी कोणत्या निकषांवर ठरते हे उघड झाले तर नवख्याला न्याय मिळेल, की त्या निकषांचा गैरवापर वाढेल, यावर दोन्ही बाजूंकडे वजनदार युक्तिवाद आहेत.

तिन्ही प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते म्हणजे आपला वापरकर्ता थेट ओळखणे आणि त्याच्यापर्यंत पोहोचणे विकसकाला शक्य आहे की नाही. नियतकालिकाच्या संपादकाकडे वर्गणीदारांची यादी असते, त्यांची पत्रे असतात आणि दर वर्षअखेरीस वर्गणीची आठवण करून देण्याचा हक्क असतो. ॲप-विकसकाकडे ही यादी बहुधा नसते, ती दुकानाकडे असते. साडेतीन हजार वर्गणीदार हा आकडा मराठी भाषकांच्या संख्येपुढे अगदी लहान आहे. तेवढे लोक एखाद्या चांगल्या मराठी शब्दकोशासाठी वर्षाला २०० रुपये देतील का, हे अभ्यासाने ठरण्यापूर्वी त्या लोकांना तो शब्दकोश अस्तित्वात आहे हे कळावे लागेल, आणि ते कळवण्याचा मार्ग कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाच्या उत्तरावर या क्षेत्राची पुढील वाटचाल अवलंबून आहे.